आजोबांचे नाव नातवाला; आजीचे कोणाला?

फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे धाराशिव झाले, पुढे जिल्ह्याचेही झाले, आणि हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले नाव सरकारी कागदांवरून उतरले. या नामांतराच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिण्यासारखे जे होते ते लिहून झाले आहे. न्यायालयातही त्याचा खल झाला आहे. त्याची उजळणी येथे अभिप्रेत नाही. परंतु गावाला कोणाचे नाव असावे याविषयी हमरीतुमरीवर येणारा समाज घरातल्या पाळण्यात कोणाचे नाव घातले जाते याविषयी फारसा विचार करीत नाही, ही गोष्ट मात्र या निमित्ताने लक्षात आल्याखेरीज राहत नाही. गावाचे नाव राजाच्या हुकुमाने पडते आणि दुसऱ्या राजवटीच्या हुकुमाने जाते. घरातल्या मुलाला आजोबांचे नाव मिळते तेव्हा त्यामागे कोणाचा लेखी हुकूम नसतो. तरीही ही चाल महाराष्ट्रात शतकानुशतके टिकली. आता मात्र ती झपाट्याने मोडीत निघत आहे. तुळजापूर, कळंब किंवा उमरगा तालुक्यातील एखाद्या प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर नजर टाकावी. अंबादास, तुळजाराम, खंडू, गोरोबा, रामलिंग ही जिल्ह्यातील देवस्थानांशी नाते सांगणारी नावे विद्यार्थ्यांच्या रकान्यातून सरकून पालकांच्या रकान्यात गेली आहेत, आणि तेथूनही ती आणखी काही वर्षांत दिसेनाशी होतील.

यावर हळहळ व्यक्त करणारा एक वर्ग आहे. ‘नातवाला आजोबांचे नाव ठेवायला लाज वाटते का?’ असा त्याचा सवाल असतो. दुसरा वर्ग नव्या पिढीच्या आईबापांचा. आपल्या मुलाचे नाव ठरविण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, मेलेल्या माणसांची नावे जिवंत मुलांच्या डोक्यावर कशाला, असे त्याचे म्हणणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे, आणि ती समजण्यासाठी ही चाल प्रत्यक्षात कशी चालत असे हे पाहिले पाहिजे.

बाराव्या दिवशी बारसे होई. बायका जमत, घुगऱ्या वाटल्या जात, आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगे. नाव सांगण्याचा मान आत्याचा असला तरी नाव ठरविण्याचा अधिकार तिचा असेच असे नाही. बहुतेक वेळा ते आधीच ठरलेले असे. आजोबा नुकतेच वारले असतील तर पहिल्या नातवाला त्यांचेच नाव. ‘आजोबा पोटी आले’ असे मोठ्या मायेने म्हटले जाई आणि घरावरचे दुःखाचे सावट थोडे सरे. अनेक घरांत आजोबा हयात असताना त्यांचे नाव नातवाला देत नसत. काही घरांत असा संकोच नव्हता. युरोपातील अश्केनाझी ज्यू समाजातही जिवंत नातलगाचे नाव मुलाला न देण्याची चाल आहे. ग्रीसमध्ये मात्र आजोबा समोर बसलेले असतानाच थोरल्या नातवाला त्यांचे नाव दिले जाते. तमिळ भाषेत तर नातवाला ‘पेरन्’ म्हणतात आणि ‘पेयर’ म्हणजे नाव; नातू म्हणजे नाव चालविणारा, असा अर्थ त्या नात्याच्या शब्दातच मुरलेला आहे. तेव्हा ही मराठी घरांची काही खास लकेर नव्हे.

मराठी घरांची खास गंमत पुढे सुरू होते. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हा दंडक. आणि आता तेच नाव तिच्या मुलाचे. ती मुलाला हाक कशी मारणार? रागावणार कशी? सासऱ्याच्या नावाने खेकसण्याची तर सोयच नाही. मग बाळ, आबा, अप्पा, नाना, तात्या, बापू अशी हाकेची नावे आली आणि खरे नाव कागदापुरते उरले. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव. ते नाव त्यांना पणजोबांवरून मिळाले होते. पण घरात ‘बाळ’ म्हटले गेले आणि साऱ्या हिंदुस्थानाने पुढे तेच उचलले. नाना फडणिसांचे नाव बाळाजी, त्यांच्या वडिलांचे जनार्दन आणि आजोबांचे पुन्हा बाळाजी. शाळेत शिकलेल्यांपैकी किती जणांना हे ‘बाळाजी जनार्दन’ चटकन आठवेल? ज्याचे नाव राखण्यासाठी एवढा खटाटोप, त्याचेच नाव आदरापोटी तोंडाबाहेर पडत नसे. जुन्या शिक्षकांना याचा प्रत्यय पहिल्याच दिवशी येई. पटावर वाचलेल्या नावाला कोणी ‘हजर’ म्हणत नसे, कारण ज्याचे ते नाव होते त्या मुलाने ते त्यापूर्वी फारसे ऐकलेलेच नसे. १ जून ही जन्मतारीख आणि घरात कधी न उच्चारलेले नाव, अशा दोन सरकारी गोष्टी घेऊन मराठवाड्यातील कितीतरी मुले शिक्षणाच्या उंबरठ्यात शिरली.

चाल जुनी आहे, किती जुनी ते पाहण्यासारखे आहे. पतंजलीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण का शिकावे याची प्रयोजने सांगताना मुलाच्या नावाचा विषय आला आहे. दहाव्या दिवसानंतर पुत्राचे नाव ठेवावे. ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे. ते तीन पिढ्यांतील पूर्वपुरुषांना धरून असावे. आणि ते शत्रूच्या घरात रूढ झालेले नसावे, असा त्याचा आशय आहे. व्याकरण येत नसेल तर असे नाव बनविता येणार नाही, म्हणून व्याकरण शिका, असा त्या थोर वैयाकरणाचा युक्तिवाद. विद्यार्थ्यांना व्याकरणाची गोडी लावण्यासाठी याहून घरगुती कारण कोणी दिले असेल असे वाटत नाही. मात्र त्या विवेचनातील दोन शब्द ध्यानात ठेवले पाहिजेत. नाव पुत्राचे, आणि धरायचे ते पूर्वपुरुषांना.

आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची पद्धत असल्याने या चालीला एक विलक्षण वळण मिळाले. वडिलांचेच नाव मुलाला दिले तर ‘विठ्ठल विठ्ठल’ असे होते. म्हणून ते एक पिढी सोडून जाते. आजोबा विठ्ठल रामचंद्र, मुलगा रामचंद्र विठ्ठल आणि नातू पुन्हा विठ्ठल रामचंद्र. आडनाव एकच, गाव एकच, बहुधा गट क्रमांकही तोच. नातवाचे संपूर्ण नाव आजोबांच्या संपूर्ण नावाशी अक्षरशः जुळते. अशा घराची वारसनोंद करताना, जुना फेरफार शोधताना कारकुनाची काय त्रेधा उडते हे महसूल दप्तरात काम केलेल्यांना सांगावयास नको. साठ वर्षांपूर्वीचे खरेदीखत करणारा विठ्ठल रामचंद्र आणि समोर उभा असलेला विठ्ठल रामचंद्र एकच नव्हेत, हे कागद स्वतः सांगत नाही. ते गावातल्या कोणा जाणत्याला विचारावे लागते. लोकांनी यावर थोरला आणि धाकटा अशी तोड काढली. थोरले माधवराव, सवाई माधवराव ही इतिहासातील विशेषणेही त्याच गरजेतून आलेली आहेत.

इतिहासाचा विषय निघाला आहे तर त्यातच थोडे रेंगाळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण नाव देण्यामागे मायेखेरीज आणखी काय काय असते ते राजघराण्यांत उघड दिसते. मालोजी भोसल्यांना अहमदनगरच्या शाह शरीफ यांना केलेल्या नवसाने मुलगे झाले म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी, असे बखरी सांगतात. म्हणजे पहिले पाऊल वंशाबाहेरच्या श्रद्धेचे. मग मात्र घराणे स्वतःचीच नावे फिरवू लागते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडले. १६५७ मध्ये महाराजांना पुत्र झाला तेव्हा त्याचे नाव संभाजी ठेवले गेले. काकाचे नाव पुतण्याला मिळाले. त्या संभाजी महाराजांच्या १६८२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव आजोबांवरून शिवाजी. मोगलांच्या कैदेत असताना त्याचे शाहू झाले. इकडे राजाराम महाराज आणि ताराबाई यांच्या मुलाचेही नाव शिवाजी, तोही त्याच आजोबांवरून. १७०७ मध्ये शाहू कैदेतून सुटून आले आणि खेडला लढाई झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच आजोबांच्या नावाचा वारस होता. नाव हा गादीवरचा हक्क सांगण्याचा एक मार्ग होता, आणि म्हणूनच १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हा ते शाहू झाले. गादीबरोबर नाव घ्यावेच लागते.

पेशव्यांच्या घरातली गोष्ट याहून करुण आहे. नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांच्या पश्चात मुलगा जन्मला. पित्याचे मुखही न पाहिलेल्या त्या मुलाला नाव मिळाले ते सुमारे दीड वर्षापूर्वी वारलेल्या कर्तबगार काकाचे, माधवरावांचे. आणि वर ‘सवाई’ हे विशेषण. कारभाऱ्यांना दौलतीसाठी दुसरा माधवराव हवा होता. दुबळ्या, मारल्या गेलेल्या पित्याचे नाव चालविण्यात कोणाला स्वारस्य असणार? एकविसाव्या वर्षी, १७९५ च्या ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात उंचावरून पडून त्या तरुणाचा अंत झाला. त्याने उडी घेतली की तो पडला यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पाळण्यात असल्यापासून ‘सवाई’ असण्याचा भार त्याने वाहिला, हे मात्र वादातीत आहे. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८५३ मध्ये जन्मला त्याच्या बरोबर एक वर्ष आधी त्याच तारखेला त्याचा एक भाऊ मृत जन्मला होता. त्या भावाचेही नाव व्हिन्सेंटच होते.

मेलेल्याचे नाव जिवंताला देण्यात माया असते तशी एक मागणीही असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी–सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला; लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या घरात आजा, बाप, भाऊ, बहीण सारे एका रात्रीत दगडमातीखाली गेले, त्या घरातल्या उरलेल्या एखाद्या माणसाला पुढे मूल झाले असेल तेव्हा नावाचा प्रश्न त्याच्यापुढे कसा उभा राहिला असेल? अनेकांचे नाव ठेवायचे आणि मूल एकच. ज्यांनी मुद्दाम वंशात कोणाचेच नसलेले नवे नाव ठेवले असेल, त्यांनी मृतांना विसरून ते ठेवले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तेव्हा आजोबांचे नाव न ठेवणारा प्रत्येक बाप कृतघ्न, हा पहिल्या वर्गाचा निवाडा येथेच बाद होतो.

तो आणखी एका ठिकाणी बाद होतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तुच्छतादर्शक असावे असा नियम आहे. ग्रंथातला नियम गावगाड्यात शब्दशः पाळला गेला नसेल. पण गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव अर्धवट तोडून, हेटाळणीने हाक मारण्याची सवय गावाला होतीच. ज्यांच्या आजोबांची नावेच अपमानाची खूण होती त्यांना ‘आजोबांचे नाव चालवा’ असा उपदेश करणे म्हणजे अपमानाची परंपरा चालवा असे सांगणे होय. आज धाराशिव तालुक्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार–मांग वतनदार परिषद भरली होती. वतनाचा आणि त्याबरोबर येणाऱ्या वेठीचा प्रश्न तेथे होता. वतन वंशपरंपरेने येते, तशीच नावेही येतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, अशोक अशी नावे घरोघर आली, ती आजोबांचा अनादर म्हणून आलेली नाहीत. ज्या आजोबांना स्वतःचे नाव निवडता आले नव्हते त्यांच्या वतीने नातवांनी केलेली ती निवड होती. आणि मौज अशी की, परंपरा तोडणाऱ्यांनी तिच्यातले घेण्यासारखे तेवढे सोडले नाही. बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव यांच्या अपत्यांची नावे पाहावीत. प्रकाश, आनंदराज ही नवी. भीमराव हे आजोबांचे. आणि मुलीचे नाव रमा, जे आजीचे, रमाबाईंचे होते.

या शेवटच्या नावापाशी थांबले पाहिजे. आजोबांचे नाव नातवाला मिळते याची उदाहरणे इतिहासातून आणि आळीतून हवी तितकी सापडतात. आजीचे नाव नातीला दिल्याची उदाहरणे आठवायला बसले की बोटांवर मोजण्याइतकीच हाती लागतात. घराण्याची नावे चालविण्याच्या चालीबद्दल अभिमान बाळगणारे आणि ती टाकून देणारे, या दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट ती हीच.

असे का झाले याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. आजीचे नाव चालवावे तर कोणते? माहेरी एक नाव होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले, आणि पहिले त्या दिवशी मागे पडले. सासरी ते दुसरे नावही कितीसे उच्चारले गेले? थोरली, धाकटी, अमक्याची आई, तमक्या गावची — माहेरच्या गावाच्या नावाने सुनेला ओळखण्याची रीत खेड्यापाड्यांत सर्रास होती. नवऱ्याने बायकोचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, बायकोने नवऱ्याचे उखाण्याखेरीज घ्यायचे नाही. नवऱ्याचे नाव निदान पटावर, सात-बारावर, पावतीवर लिहिले जाई. तिचे नाव कोठे लिहिणार? ज्या पिढीत मुलींना शाळेत घालत नसत त्या पिढीतील बाईचे माहेरचे नाव तिच्या भावंडांबरोबर संपले. लग्नानंतर नवे नाव मिळणे आणि संन्यास घेतल्यावर नवे नाव मिळणे यांत वरकरणी साम्य आहे. लोहारा तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणारे व्यंकटेश भवानराव खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पण ते नाव त्यांनी स्वतः स्वीकारलेल्या जीवनाचे होते, आणि पूर्वाश्रमीचे नाव त्यांच्या चरित्रात पहिल्याच ओळीला सापडते. घरोघरच्या आज्यांचे पूर्वाश्रमीचे नाव सांगणारे चरित्र नाही.

शास्त्राला मात्र ते नाव लागते, हा यातील विरोधाभास. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार असतो. आईकडच्या पूर्वजांचाही असतो. पितृपक्षात पाटावर बसलेला यजमान पुरुषांची नावे धडाधड सांगतो आणि ‘आजीचे नाव?’ या प्रश्नाशी अडखळतो. आत स्वयंपाकघरात कोणाला तरी विचारून यावे लागते. कधी तेथेही ठाऊक नसते. तिच्या हातचे खाल्लेले, तिच्या कुशीत झोपलेले नातू तिला आयुष्यभर ‘आजी’ म्हणत आले. तिला आणखी एक नाव असेल हे त्यांना सुचलेच नाही.

आणि ज्या मुलींना नाव मिळाले ते तरी कसे मिळाले? सातारा जिल्हा परिषदेने २०११ मध्ये ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशा नावांच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची मोठी दखल घेतली. मुलगा जगत नसेल तर त्याला दगडू, धोंडू, केरबा म्हणून दैवाची नजर चुकवायची, आणि मुलगी जगली तर तिला नकोशी म्हणून पुढच्या मुलीला वाट बंद करायची. दोन्ही नावे ओबडधोबड. पण पहिल्यात मूल राहावे ही आस आहे आणि दुसऱ्यात ते आले याचा राग. अशी नकोशी उद्या आजी झाली तर तिचे नाव कोणी नातीला द्यावे असे कोण म्हणेल?

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने नोंदले जाते. कार्यालयांतून या निर्णयाविषयी कुरकुर ऐकू येते: रकाने पुरत नाहीत, नावे लांबतात, जुने व नवे कागद जुळत नाहीत. अडचणी खऱ्या आहेत. परंतु वर सांगितलेल्या विठ्ठल रामचंद्राचे उदाहरण पुन्हा पाहावे. आजोबा आणि नातू यांची नावे अक्षरशः एक असताना त्या दोघांना वेगळे करणारी गोष्ट कोणती? वडिलांच्या नावाने ते वेगळे होत नाहीत, आडनावाने होत नाहीत, गावानेही होत नाहीत. ते वेगळे होतात आईच्या नावाने. आजोबांची आई वेगळी, नातवाची आई वेगळी. कारकुनाच्या टेबलावरचा कित्येक पिढ्यांचा घोळ या एका नावाने सुटण्यासारखा आहे.

आणि ही युक्ती या भूमीला नवी नाही. धाराशिव तालुक्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकाळातील भरभराटीचे व्यापारी नगर होते. तेथील अवशेष आज तेथल्याच वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. त्या सातवाहनांच्या घराण्यात सातकर्णी, पुळुमावी ही नावे पुनःपुन्हा येतात. मग कोणता सातकर्णी? गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी. मातेच्या निर्देशाने त्यांनी राजे ओळखले आणि तसेच नाण्यांवर व लेखांत कोरले. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गौतमी, वासिष्ठी ही त्या राण्यांची व्यक्तिनामे नव्हेत, ती गोत्रावरून आलेली नावे आहेत. म्हणजे मातेचा उल्लेख आला तरी तिचे स्वतःचे नाव त्यात नाही. गौतमीपुत्राच्या आईचे नाव बलश्री होते हे आज इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे ते तिने स्वतः नाशिकच्या लेण्यात दानलेख कोरविला म्हणून. नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा तो लेख आहे. त्यात ती आपल्याला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणविते, आणि आपले नावही देते. अठराशेहून अधिक वर्षे झाली. त्या काळातल्या असंख्य आज्यांपैकी जिचे नाव आपल्याला माहीत आहे अशी ही एक.

नव्या पिढीच्या आईबापांशीही येथे थोडे बोलले पाहिजे. मुलाचे नाव निवडण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे आणि केवळ आजोबांचे म्हणून धोंडिबा हे नाव मुलावर लादावे असे कोणी म्हणणार नाही. वर्गातल्या चेष्टेला ते मूल तोंड देणार असते, आजोबा नव्हे. परंतु निवड म्हणून जे चालते ती निवड असते काय? एकाच वर्षी जन्मलेल्या निम्म्या मुलांची नावे एकाच वळणाची, दोन-अडीच अक्षरांची, अर्थ विचारला तर सांगता न येणारी असतात. मराठवाड्यातल्या खेड्यात आणि दिल्लीच्या उपनगरात ती सारखीच. पूर्वी नाव आजोबांच्या हुकुमाने ठरे, आता ते बाजाराच्या आणि मालिकांच्या हुकुमाने ठरते. आजीचे माहेरचे नाव शोधायला बसले तर कदाचित असे आढळेल की ते मुक्ता होते, रुक्मिणी होते, चंद्रभागा होते, यमुना होते. यांतील कोणते नाव आजच्या मुलीला शोभणार नाही?

आजीचे नाव फक्त नातीलाच द्यावे असेही नाही. पाळण्यातले एक नाव आणि व्यवहारातले दुसरे ही पद्धत आपल्याकडे होतीच. धर्मशास्त्रानेही देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी एकाहून अधिक नावे मान्य केली आहेत. ज्या समाजाने महिन्याचे आणि नक्षत्राचे नाव मुलाला लावण्याची सोय केली त्याला आजीच्या नावासाठी एक जागा काढणे जड जाऊ नये. आईच्या आईवडिलांची नावेही या हिशेबात यावयास हवीत. आजोळ म्हणजे केवळ उन्हाळ्याच्या सुटीचे गाव नव्हे.

हे काम कायद्याने होणारे नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील कलम १४ प्रमाणे मुलाचा जन्म नावाशिवाय नोंदता येतो आणि नाव मागाहून भरण्याची मुभा आहे, म्हणजे घाई करण्याचेही कारण नाही. तेवढ्या अवधीत घरातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारून घेता येतील. शाळांमधूनही वंशावळ काढून आणण्याचा गृहपाठ अधूनमधून दिला जातो. चौकोन आणि रेघा आखलेल्या त्या कागदांवर बापाच्या वर आजोबा, आजोबांच्या वर पणजोबा अशी एकेरी शिडी असते. शिक्षकांनी या वर्षी तो गृहपाठ देताना एवढी एक अट घालून पाहावी की, प्रत्येक आजोबांच्या शेजारी आजीचे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव लिहून आणायचे, आणि दोन्हींकडच्या आज्यांचे. काही मुलांना ते आजीलाच विचारता येईल. काहींना वडिलांच्या आत्याकडे, आजीच्या भावाकडे, शेजारच्या गावातल्या कोणा म्हाताऱ्या मैत्रिणीकडे जावे लागेल. त्या म्हाताऱ्या आता फार उरलेल्या नाहीत.